जोरात मारलं की आवाज गिळणारा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प: ग्रिडवरचं व्होल्टेज तपासा

गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची (काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अ‍ॅम्पची) तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "भाऊ, हळू वाजवलं तं बराबर वाजते, जोरात मारलं का आवाज गिळते." कॉर्ड जोरात मारला की पहिला ठोका ऐकू येतो, लगेच आवाज दबतो, आणि क्षणभरानं फुगून परत वर येतो. जलद सुरावट असेल तर मधले सूर गायबच होतात. जिथं गोड ओव्हरड्राइव्ह हवा, तिथं चरचरीत, फाटका आवाज येतो.

आमच्या वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी पट्ट्यात धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो. शंकरपट (बैलांची शर्यत) असला की त्या गावी रात्रभर नाटक. नाटकांसोबत वाजवणारे आणि ऑर्केस्ट्रावाले याच दिवसांत अ‍ॅम्प पूर्ण चढवून वाजवतात, म्हणून हा दोषही याच दिवसांत वर येतो. दुरुस्तीवाला व्हॉल्व्ह बदलतो, कंडेन्सर बदलतो, दुकानात हळू आवाजात वाजवून बघतो, सगळं छान. मंडपात गेलं की पुन्हा तेच. पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

दोष असा परत परत येतो, कारण बहुतेक वेळा त्या अ‍ॅम्पमध्ये मोडलेलं काहीच नसतं. जोराचा सिग्नल मिळाला की व्हॉल्व्हची ग्रिड (सिग्नल जिथं येतो ती आतली जाळी) स्वतःच निगेटिव्ह व्होल्टेज तयार करते आणि त्या व्होल्टेजनं व्हॉल्व्ह बंद पडतो. नवा व्हॉल्व्ह टाकला तरी तो हेच करणार. त्यामुळे महागडा परदेशी व्हॉल्व्ह मागवण्याआधी मीटर हातात घ्या.

आधी जिवाची काळजी. या अ‍ॅम्पमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये ते टिकून राहतं. प्लग काढा, १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टन्समधून कंडेन्सर डिस्चार्ज करा, मीटरनं शून्य झाल्याची खात्री करा, मगच आत हात घाला. चालू अ‍ॅम्पवर मोजताना एक हात मागे ठेवा. स्पीकर किंवा ८ ओहमचा मोठा वॅटेजचा रेझिस्टन्स जोडल्याशिवाय अ‍ॅम्प जोरात चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

ग्रिडवर नेमकं काय होतं

व्हॉल्व्हमध्ये कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते गोळा करते, आणि मधली ग्रिड त्यांचा प्रवाह कमी-जास्त करते. नेहमीची १२एएक्स७ (म्हणजेच ईसीसी८३) ची स्टेज, म्हणजे सिग्नल वाढवणारा एक टप्पा, घ्या. प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम आणि त्यावर बायपास कंडेन्सर, सप्लाय ३०० व्होल्ट. शांत असताना सुमारे १ मिलिअँपिअर करंट वाहतो, प्लेट २०० व्होल्टच्या आसपास राहते, कॅथोड १.४ व्होल्टच्या आसपास. ग्रिड १ मेगओहमच्या ग्रिड-लीक रेझिस्टन्समधून ग्राउंडला बांधलेली, म्हणजे शून्यावर. कॅथोडच्या मानानं ग्रिड १.४ व्होल्ट खाली बसली आहे. व्हॉल्व्हचा सगळा कारभार या १.४ व्होल्टवर चालतो.

अशा स्टेजची वाढ सुमारे ६० पट असते. गिटारमधून ०.२ व्होल्ट पीक आलं तरी पहिल्या स्टेजमधून १२ व्होल्ट पीक बाहेर पडतं. मध्ये व्हॉल्यूम पूर्ण उघडा असेल तर ते सगळं दुसऱ्या स्टेजच्या ग्रिडवर आदळतं, आणि तिथं जागा आहे १.४ व्होल्टची. ग्रिड कॅथोडच्या बरोबरीला आली की ग्रिड आणि कॅथोड मिळून डायोडसारखे वागू लागतात. खरं तर १२एएक्स७ मध्ये बरोबरीला पोहोचायच्या थोडं आधीच ग्रिड करंट सुरू होतो. जी ग्रिड एरवी काहीच करंट घेत नाही, तिचा अंतर्गत रेझिस्टन्स अचानक दोन-तीन किलोओहमच्या घरात येतो.

हा करंट येतो दोन स्टेजना जोडणाऱ्या कपलिंग कंडेन्सरमधून, आणि खरी गोष्ट त्या कंडेन्सरमध्ये घडते. पॉझिटिव्ह शिखरावर तो आधीच्या स्टेजच्या सुमारे ४० किलोओहम आउटपुट रेझिस्टन्समधून चार्ज होतो. कंडेन्सर २२ नॅनोफॅरडचा असेल तर चार्जिंगचा काळ १ मिलिसेकंदाहून कमी. शिखर सरलं की ग्रिडचा रस्ता बंद, आता तोच चार्ज उतरायचा तर १ मेगओहममधूनच उतरणार, आणि त्याचा काळ सुमारे २२ मिलिसेकंद. रांजण बादलीनं भरायचा आणि तळाच्या बारीक भोकातून रिकामा व्हायची वाट बघायची, तसा हा हिशेब आहे. काही आवर्तनांत ग्रिडवरचं सरासरी व्होल्टेज शून्यावरून घसरत उणे ७-८ व्होल्टवर जाऊन बसतं.

आता सूर एकदम थांबला किंवा हळू झाला. ग्रिड अजून उणे ८ वर आहे, आणि १२एएक्स७ साधारण उणे ४ व्होल्टलाच बंद होतो. ८ वरून ४ वर यायला त्या उतरायच्या काळाच्या ०.७ पट वेळ लागतो, म्हणजे २२ नॅनोफॅरडला सुमारे १५ मिलिसेकंद. इतकं बहुतेकांच्या कानाला फक्त खरखरीत वाटतं. पण कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरडचा (१०० नॅनोफॅरडचा) असेल तर तोच काळ ७० मिलिसेकंदांच्या घरात जातो, आणि तेवढा वेळ ती स्टेज मुकी असते. हेच ते आवाज गिळणं. इंग्रजी पुस्तकांत याला ब्लॉकिंग डिस्टॉर्शन म्हणतात.

आपल्याकडे हा दोष जास्त दिसायचं एक साधं कारण आहे. जुना कंडेन्सर गेला की तालुक्याच्या दुकानात मूळ आकड्याचा (तेवढ्याच फॅरडचा) मिळत नाही, मग डब्यात जो ४०० किंवा ६३० व्होल्टचा पडला असेल तो झाळला जातो, आणि तो बहुधा ०.१ मायक्रोफॅरडचा असतो. "मोठा टाकला तर बास वाढते" हा समजही पक्का आहे. गिटारसाठी त्यात काही अर्थ नाही. गिटारचा सर्वांत खालचा सूर ८२ हर्ट्झचा. २२ नॅनोफॅरड आणि १ मेगओहम मिळून ७ हर्ट्झपर्यंत जातात, ४.७ नॅनोफॅरड घातला तरी ३४ हर्ट्झ मिळतात. ०.१ मायक्रोफॅरड घातला तर दीड हर्ट्झपर्यंत. तेवढ्या खाली गिटारमध्ये ऐकण्यासारखं काही नाही, फक्त चार्ज साठवायची जागा वाढते.

मोजायचं कसं

इथं एक अडचण आहे, आणि ती नीट समजून घेतली नाही तर दोष हाती लागत नाही. मीटर लावला की मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स ग्रिड-लीकला समांतर बसतो. चांगल्या डिजिटल मीटरचा तो १० मेगओहम असतो, चालून जातो. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरचा बहुधा १ मेगओहमच असतो, त्यामुळे ग्रिड-लीक अर्धा होतो आणि मोजतानाच दोष अर्धा पळतो. काट्याचा २० किलोओहम प्रति व्होल्टचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर २०० किलोओहमच असतो, तो तर ग्रिडवर लावूच नका. ऑसिलोस्कोप असेल तर प्रोब १०एक्सवरच ठेवा. प्लेटवर लावायच्या आधी प्रोबची व्होल्टेज मर्यादाही बघा.

डिजिटल मीटरच्या टोकाला १ मेगओहमचा रेझिस्टन्स झाळून घ्या आणि त्याच्या पायानं ग्रिडला स्पर्श करा. यामुळे मीटरच्या वायरीची कपॅसिटन्स ग्रिडवर पडत नाही आणि स्टेज शिट्टी मारायला लागत नाही. आकडा साधारण ९ टक्के कमी दिसेल, तेवढं मनात धरा. ईसीसी८३ मध्ये ग्रिडच्या पिना २ आणि ७, कॅथोडच्या ३ आणि ८, प्लेटच्या १ आणि ६. ईएल८४ मध्ये ग्रिड २ आणि कॅथोड ३. ईएल३४ मध्ये ग्रिड ५ आणि कॅथोड ८.

सिग्नलसाठी मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही अ‍ॅप चालतं. २०० हर्ट्झचा सूर लावा, मोबाइल आणि अ‍ॅम्पच्या मध्ये एक पॉट (व्हॉल्यूमसारखा फिरवायचा रेझिस्टन्स) ठेवा, कारण मोबाइलचा आवाज गिटारपेक्षा बराच जास्त असू शकतो. सूर सतत वाजत असला की ग्रिडवरचं घसरलेलं व्होल्टेज स्थिर राहतं, त्यामुळे साध्या मीटरवरही दिसतं. पहिल्या स्टेजपासून सुरुवात करून एकेक ग्रिड मोजत आउटपुट व्हॉल्व्हपर्यंत जा. प्रत्येक ठिकाणी दोन आकडे लिहा: इनपुट ग्राउंड केलेला असताना आणि सिग्नल असताना.

एक इशारा. काही अ‍ॅम्पमध्ये टोन कंट्रोलच्या आधी कॅथोड फॉलोअर (प्लेटऐवजी कॅथोडवरून सिग्नल पुढे देणारी स्टेज) असतो आणि त्याची ग्रिड आधीच्या प्लेटला थेट जोडलेली असते. तिथं दीडशे-दोनशे व्होल्ट दिसतील. तो दोष नाही. मध्ये कंडेन्सर नसल्यामुळे ही ग्रिड ब्लॉक होत नाही, ती सोडून पुढे जा.

आकडे काय सांगतात

सिग्नल नसताना ग्रिड जवळजवळ शून्य आणि सिग्नल दिल्यावर उणे काही व्होल्ट, सिग्नल काढला की परत शून्य: हाच आपला दोष. पुढच्या भागात त्याचा उपाय आहे.

सिग्नल नसतानाही ग्रिड पॉझिटिव्ह असेल तर गोष्ट वेगळी. एक तर कपलिंग कंडेन्सर गळतो आहे आणि आधीच्या प्लेटचं व्होल्टेज ग्रिडवर झिरपतं, किंवा व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे. ओळखायला सोपं: बंद करून तो व्हॉल्व्ह काढा, पुन्हा चालू करून सॉकेटच्या त्याच पिनवर मोजा. पॉझिटिव्ह तसंच राहिलं तर कंडेन्सर, गेलं तर व्हॉल्व्ह. फिक्स्ड बायसच्या आउटपुट स्टेजमध्ये ग्रिडवर मुळातच निगेटिव्ह बायस, म्हणजे बाहेरून दिलेलं कायमचं निगेटिव्ह व्होल्टेज, असतं. तिथं शून्याशी तुलना न करता, ते बायस अपेक्षेपेक्षा वर, शून्याकडे, सरकलंय का ते बघा, आणि ही तपासणी टाळू नका, कारण तिथं गळका कंडेन्सर महागाचा आउटपुट व्हॉल्व्ह लाल करून संपवतो.

यात एक तिसरी शक्यता आमच्या भागात मी फार पाहिली आहे. कंडेन्सर बदलला, व्हॉल्व्ह बदलला, तरी श्रावणात ग्रिड पॉझिटिव्ह आणि उन्हाळ्यात ठणठणीत. हा बोर्डचा दोष आहे. जुने फायबरचे किंवा हायलमचे बोर्ड वैनगंगेकाठच्या दमट हवेत ओल धरतात, त्यात धूळ आणि जुना फ्लक्स. २०० व्होल्टची प्लेटची पिन आणि १ मेगओहमची ग्रिड शेजारीशेजारी असल्या की थोडीशी गळतीही पुरते. मीटरचं टोक बोर्डच्या रिकाम्या जागेवर टेकवून बघा, काही व्होल्ट दिसले तर खात्रीच. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासून स्वच्छ करा, ६० वॅटच्या बल्बखाली तासभर सुकवा. तरीही गळत असेल तर ग्रिडचा जोड बोर्डवरून उचलून हवेत किंवा सॉकेटच्या पिनवरच करा.

इनपुट ग्राउंड असताना ग्रिड निगेटिव्ह असेल, तर स्टेज कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर आपोआप ऑसिलेट होते आहे. ग्रिडची वायर प्लेटच्या किंवा आउटपुटच्या वायरीजवळून गेली आहे का बघा, वायर लहान करा, ग्रिडच्या पिनवर रेझिस्टन्स घाला.

आणि ग्रिड सगळीकडे जागेवर असूनही आवाज दबत असेल तर सप्लाय मोजा. रात्री शेतातले पंप सुरू झाले की गावाच्या टोकाला २३० चे १९० व्होल्ट होताना आपण सगळेच बघतो. १९० वर ६.३ व्होल्टचा हीटर ५.२ वर येतो, ३०० व्होल्टची एचटी (प्लेटला जाणारं मोठं व्होल्टेज) २५० च्या खाली जाते. अशा वेळी आवाज सगळ्याच पातळीला मेलेला असतो, फक्त जोराच्या सुरानंतर नव्हे. मंडपात जनरेटरवर असाल तर तिथंही हेच मोजा. यावर उपाय स्टॅबिलायझर, अ‍ॅम्प उघडायची गरज नाही.

ग्रिड-लीकचा रेझिस्टन्सही काढून मोजायला हवा. जुने कार्बन रेझिस्टन्स वर सरकतात. १ मेगओहमचा ३ मेगओहम झाला असेल तर चार्ज उतरायला तिप्पट वेळ लागतो, आणि तेवढा एक बदलून काम होतं. जिथं व्हॉल्यूमचा पॉटच ग्रिड-लीकचं काम करतो तिथं त्याचा फिरता काटा मळला की ग्रिड मोकळी लोंबकळते, पॉट फिरवताना खडखड होते. पॉट साफ करण्यापेक्षा काट्यापासून ग्राउंडला २.२ मेगओहमचा एक रेझिस्टन्स कायमचा टाकून ठेवा, काटा सुटला तरी ग्रिडला जमीन मिळते.

उपाय

चार्ज कमी शिरू द्यायचा आणि शिरलेला लवकर उतरू द्यायचा. क्रमानं जा, एका वेळी एकच बदल करा आणि ऐका.

पहिला बदल कपलिंग कंडेन्सरचा. ०.१ असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरड (म्हणजेच २२ नॅनोफॅरड) करा, गेन स्टेजमध्ये ४.७ नॅनोफॅरडपर्यंत जायलाही हरकत नाही. अ‍ॅम्पवर बास गिटारही वाजत असेल तर तिचा खालचा सूर ४१ हर्ट्झचा आहे हे लक्षात ठेवून २२ नॅनोफॅरडवरच थांबा. ४०० व्होल्टच्या वरचाच फिल्म कंडेन्सर घ्या. नागपूरला सीताबर्डीवर नाही मिळाला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतो, डब्यातला कुठलाही झाळू नका.

दुसरा बदल, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाचा: ग्रिड-स्टॉपर. कंडेन्सर आणि ग्रिड यांच्या मध्ये, ग्रिडच्या पिनला अगदी चिकटून, एक मोठा रेझिस्टन्स. ग्रिड करंट घेऊ लागली तरी आता तो या रेझिस्टन्समधूनच यावा लागतो. मार्शल कंपनीच्या २२०३ या अ‍ॅम्पमध्ये ४७० किलोओहम मालिकेत आणि ४७० किलोओहम ग्राउंडला अशी जोडी आहे, ती बघा. सिग्नल अर्धा होतो, आणि २२ नॅनोफॅरड धरला तर चार्ज व्हायचा काळ १ वरून ११ मिलिसेकंदांवर जातो, उतरायचा काळ मात्र २२ च्या आसपासच राहतो. भरणं आणि उतरणं जवळजवळ एका चालीनं होऊ लागलं की ग्रिडची घसरण खूप आटोक्यात येते. सिग्नल अर्धा करायचा नसेल तर १ मेगओहमचा ग्रिड-लीक स्टॉपरच्या आधी, कंडेन्सरच्या बाजूला ठेवा.

याची किंमत तीव्र (उंच, ट्रेबलच्या) सुरांत मोजावी लागते. १२एएक्स७ ची ग्रिड-प्लेटमधली कपॅसिटन्स दीड-दोन पिकोफॅरडच असली तरी स्टेजच्या वाढीनं गुणली जाऊन १०० पिकोफॅरडच्या घरात जाते. ४७० किलोओहमबरोबर ती ३.४ किलोहर्ट्झच्या वरचं खाऊ लागते, २२० किलोओहमबरोबर ७ च्या वरचं, १०० किलोओहमबरोबर १६ च्या वरचं. म्हणून २२० पासून सुरुवात करणं मला बरं वाटतं. जास्त ओव्हरड्राइव्हच्या स्टेजला थोडा मऊपणा चांगलाच दिसतो. २२०३ मध्ये त्या मालिकेतल्या ४७० किलोओहमवर ४७० पिकोफॅरडचा छोटा कंडेन्सर ठेवून तीव्र सूर परत आणले आहेत.

आउटपुट व्हॉल्व्हची गोष्ट थोडी निराळी. तिथं ग्रिड घसरली की व्हॉल्व्ह पूर्ण मुका होत नाही, पण पुशपुल जोडीतला (आळीपाळीनं काम करणाऱ्या दोन व्हॉल्व्हपैकी) एक बंद व्हायच्या आणि दुसरा सुरू व्हायच्या मध्ये खाच पडते आणि आवाज फाटतो. ०.१ मायक्रोफॅरड आणि २२० किलोओहम असेल तर २२ मिलिसेकंद, ०.०२२ केला की ५ मिलिसेकंदांच्या आत आणि तरीही ३३ हर्ट्झपर्यंत बास शाबूत. ग्रिड-स्टॉपर दीड किलोओहमचा असेल तर ५.६, गरज पडली तर १० ते २२ किलोओहम करा. ग्रिड-लीक मात्र कधीही वाढवू नका. प्रत्येक आउटपुट व्हॉल्व्हला डेटाशीटमध्ये त्याची कमाल मर्यादा दिलेली असते, ईएल८४ ला फिक्स्ड बायसमध्ये ती ३०० किलोओहमच आहे, आणि ती ओलांडली की व्हॉल्व्ह स्वतःहून तापत जाऊन जातो. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल८४ अजून कुठं कुठं चालू हालतीत सापडतात. असे व्हॉल्व्ह पुन्हा मिळणार नाहीत, त्यांच्याशी हा प्रयोग नको.

बदल झाल्यावर तोच २०० हर्ट्झचा सूर, तोच व्हॉल्यूम, आणि ग्रिडवरचे तेच दोन आकडे पुन्हा घ्या. उणे ८ चे उणे २-३ झाले असतील तर काम झालं. पूर्ण शून्य होणार नाही आणि व्हायलाही नको, ग्रिड थोडी घसरणं हा ओव्हरड्राइव्हच्या गोडव्याचाच भाग आहे. मग गिटारवाल्याला बोलवा आणि घरच्या आवाजात नको, मंडपात वाजवतो तेवढ्याच जोरात वाजवायला लावा: खालच्या तारेवर हात दाबून जलद ठोके, मध्येच एक मोठा कॉर्ड, त्यामागोमाग लगेच एक हळू सूर. त्या हळू सुराची सुरुवात स्वच्छ ऐकू आली पाहिजे. बदललेल्या कंडेन्सर-रेझिस्टन्सचे आकडे चेसिसच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईनं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या हंगामात दुसऱ्या कुणी अ‍ॅम्प उघडला तरी तिथं पुन्हा ०.१ झाळला जाणार नाही.